सरकून दिलेली जागा

मी पडदे शिवते. कपडे शिवायचं केव्हाच सोडलं. माणसं जाड-बारीक होतात आणि दोष शिवणाऱ्यावर येतो. खिडक्यांचं तसं नसतं.

त्या दिवशी शहराबाहेरच्या एका घरी पडदे लावून द्यायचे होते. आजूबाजूला नुसती कुरणं, आणि मधे एकटंच उभं असलेलं ते घर. पडदे जड कापडाचे होते, शिडी धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून आमच्या ह्यांना बरोबर घेतलं. हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवतात आणि हे आमच्या मागच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवतात. अर्धं शहर माझ्यामुळे हसतं, असं हे सगळ्यांना सांगायचे आणि आधी स्वतःच हसायचे. पण मुलीचं लग्न होऊन ती लांब गेली, तेव्हापासून हा विनोद मी ऐकला नव्हता. जेवायला बसलो की हे तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि मला मीठ मागायचे. मीठ समोरच असायचं.

काम दुपारी लवकर उरकलं. घरमालकीण बाई हसतमुख होती. एवढ्या लांब आलाच आहात तर मागचं टेकाड बघून जा, म्हणाली. तिथे फार जुनं, लिहिण्या-वाचण्याच्याही आधीच्या काळातलं दफन आहे, विद्यापीठाच्या लोकांनी खणलं होतं, आता कुणी फिरकत नाही. मला घरी जायची घाई होती. पण ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी बघायची इच्छा दिसली, म्हणून मी गाडी तिकडे वळवायला लावली.

आभाळ भरलेलं होतं, पण उजेड स्वच्छ होता. वारा अजिबात नव्हता. गवतानं झाकलेलं ते टेकाड लांबून पालथ्या घातलेल्या कढईसारखं दिसत होतं. जवळ गेल्यावर त्याच्या पोटात उभे-आडवे दगड दिसले आणि दगडांच्या मधे एक बुटकं, काळं दार. शेजारी गंजलेला फलक होता. आत मोठी दगडी खोली आहे आणि तीत फक्त एका लहान मुलाची हाडं सापडली, असं त्यावर लिहिलं होतं. हाडं संग्रहालयात नेली होती. एकट्या मुलासाठी एवढी मोठी खोली आणि एवढी रुंद शिळा का रचली असावी, हे अजून कळलेलं नाही, असंही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. खाली जबड्याचं एक पुसट चित्र होतं.

हे चित्रासमोर बराच वेळ वाकून उभे राहिले.

"पुढचे दुधाचे पडलेत, नवे अर्धेच आलेत," हे म्हणाले. "सात वर्षांचं असेल. आपली त्या वयात फटीतून शीळ घालायची, आठवतं?"

मला आठवत होतं.

दारातून रांगतच जावं लागलं. मी मागे, हे पुढे. दगड दोन्ही खांद्यांना घासत होते. मग एकदम खांदे मोकळे झाले आणि आम्ही आत बसते झालो. मोबाइलचा उजेड फिरवला तर खोली खरंच मोठी होती. पलीकडच्या भिंतीला लागून एक सपाट शिळा, आमच्या घरच्या पलंगाएवढी.

आत ओलीचा वास येईल, वटवाघळांचा येईल, अशी माझ्या मनाची तयारी होती. तसला कुठलाच वास नव्हता. सकाळी उठल्यावर, पांघरुणाची घडी घालायच्या आधी, अंथरुणाला जो वास असतो तो होता. झोपेचा. माणसाच्या अंगाचा. मी दोनदा श्वास घेऊन खात्री केली, आणि तिसरा घ्यावासा वाटेना.

ह्यांनी शिळेवर तळहात ठेवला. "ऊबदार आहे गं," हे हळूच म्हणाले.

मी काही म्हणायच्या आत हे तिच्यावर आडवे झाले. कडेलाच, भिंतीकडे तोंड करून. हे असलं पोरकट वागणं ह्यांच्या स्वभावातच आहे, म्हणून आधी मी रागावलेसुद्धा नाही. नुसती उशाशी बसून राहिले. बाहेरून एकही आवाज येत नव्हता. पाखरू नाही, गाय नाही. आणि त्या शांततेत एक कोरडी खरखर ऐकू आली. कापड दगडावरून हळू ओढलं जावं तशी. ह्यांच्या पलीकडून आली. शिळेच्या त्या बाजूनं, जिथे भिंत होती आणि कुणी नव्हतं.

मग हे सरकले. आत, मधोमध. आपल्याला कुणी जागा करून दिली की आपण सरकतो, अगदी तसे.

मी म्हटलं, चला आता. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"हळू बोल..." ह्यांनी डोळे न उघडता सांगितलं.

मी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. परतताना गाडी मीच चालवली. कुरणं संपून दुकानं दिसायला लागली, तेव्हा हे सहज बोलावं तसं बोलले.

"मी आडवा झालो ना, तेव्हा पलीकडे कुणीतरी होतं. ते सरकलं. मला जागा दिली."

तुमचाच सदरा दगडावर घासला असेल, असं मी म्हटलं. हे म्हणाले, असेल. आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर हे झोपायला लागले. आधी दुपारचे. हे काही दुपारी झोपणारे नव्हेत. दिवसा झोपणाऱ्याचे दात किडतात, असं स्वतःच्या धंद्याचं शास्त्र सांगायचे. आता जेवण झालं की आडवे व्हायचे. मग सकाळचा चहा झाला की. मग चहा तसाच गार व्हायला लागला. मागच्या खोलीत साचे साठत गेले आणि डॉक्टरांचे फोन येऊन येऊन थांबले. ह्यांचे गाल आत गेले. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक आहे म्हणाले. मुलगी दूर गेली की काही बापांचं असं होतं, थोडं फिरायला न्या, असा सल्ला दिला. मुलगी फोनवर रडली. मी तिला, काही नाही गं, थकलेत, असं सांगत राहिले.

पण मी ह्यांना भरदिवसा, उघड्या खिडकीच्या उजेडात झोपलेलं बघत होते. हे पलंगाच्या अगदी कडेला झोपायचे, पडतील की काय असे. तोंड आतल्या बाजूला. आणि एक हात पुढे टाकलेला असायचा. गादीवर टेकलेला नाही, थोडा वर, अधांतरी. लहान मुलाच्या अंगावर हात टाकून झोपावं तसा. मी तो हात खाली दाबून बघितला. मी सोडला की तो पुन्हा तेवढाच वर यायचा.

एकदा मी चिडून ह्यांना हलवून उठवलं. म्हटलं, माझ्याकडे बघा तरी, मी या घरात आहे की नाही? ह्यांनी डोळे उघडले. ओळख होती, माया होती, पण हे कुठून तरी खूप आतून बघत होते.

"त्याला एकट्याला झोप लागत नाही," हे म्हणाले. "फार वर्षं लागलेली नाही..."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. ह्यांच्याजवळ शेजारच्या काकूंना बसवलं, गिऱ्हाइकाकडे जाऊन येते म्हणून सांगितलं. टेकाडापाशी पोचले तेव्हा दिवस वर आला होता, ऊन पडलं होतं. तरी दारापाशी गुडघे टेकण्याआधी मी एकदा मागे गाडीकडे बघून घेतलं. मी देवाधर्माची बाई नाही, मंत्रबिंत्र मला येत नाहीत. आपलं माणूस जिथे रेंगाळलंय तिथे जाऊन त्याला हाक मारायची, एवढंच सुचलं होतं.

आत तोच वास होता, आणि आता त्यात मला ह्यांचाही वास आला. कवळ्यांच्या हिरड्या ज्याच्या करतात त्या गुलाबी मसाल्याचा वास ह्यांच्या कपड्यांना कायम येतो. तो तिथे, त्या दगडांत होता. मी दिवा लावलाच नाही. काय दिसेल याची भीती होती, आणि काही दिसलं नाही तर याचीही. शिळेच्या कडेला बसले. हात टेकला. दगड ऊबदार होता.

"अहो," मी म्हटलं. "पुरे झालं. उठा."

काही नाही.

"इथे किती दिवस पडून राहणार? घरी चला. घरी पलंग आहे, पांघरूण आहे..." मग बस चुकेल म्हणून घाई करावी तशा आवाजात मी बोलले, "चला म्हणते ना. घरी भरपूर जागा आहे."

तेव्हा ती खरखर पुन्हा ऐकू आली. या वेळी ती भिंतीकडे गेली नाही. शिळेवरून माझ्या बाजूला आली आणि कडेशी थांबली.

मी वळले आणि रांगत सुटले. मधेच माझ्या कोटाचं टोक मागे अडकलं. दगडात अडकलं असणार. मी ओढलं, ते ताणलं गेलं, मग सैल झालं. उन्हात येऊन उभी राहिले. मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसून दार लावलं आणि घर येईपर्यंत कुठेही थांबले नाही.

घरी काकू दारातच हसत उभ्या होत्या. हे स्वयंपाकघरात होते, उभ्याउभ्याच खात होते, तोंड भरलेलं.

"कुठे गेली होतीस? भुकेनं जीव चाललाय माझा," हे म्हणाले. डोळे स्वच्छ होते. मी तिथेच खुर्चीत बसून रडले आणि ह्यांना काही केल्या कारण कळेना. टेकाडावर गेल्याचं ह्यांना आठवत होतं, पण पुढचं सगळं तापात गेल्यासारखं पुसट झालं होतं. आठवड्याभरात हे पुन्हा साच्यांवर बसले. मुलीशी फोनवर बोलताना अर्ध्या शहराच्या हसण्याचा विनोद केला, आणि पलीकडून ती इतकी हसली की मला इकडे ऐकू आलं.

याला वर्ष होऊन गेलं. सगळं सुरळीत चाललंय. मला झोपही चांगली लागते, उलट पूर्वीपेक्षा गाढ लागते.

परवा आम्ही नवी गादी घेतली. जुनी बसली होती आणि ह्यांची पाठ धरायला लागली होती. गादीवाला स्वतः आला, जुनी उचलून त्यानं खिडकीशी उभी केली. मग तिच्याकडे बघून कौतुकानं मान हलवली.

"मूल अजून तुमच्यामधेच झोपतं वाटतं?" तो म्हणाला. "आता सवय मोडा ताई. नाहीतर ही नवीसुद्धा अशीच बसेल."

मी बघितलं. तिरप्या उन्हात गादी नकाशासारखी स्पष्ट दिसत होती. एका कडेला ह्यांचा लांब खळगा, दुसऱ्या कडेला माझा. मधे तिसरा होता. लहानसा, कुशीवर वळलेला, गुडघे पोटाशी घेतलेला. ह्यांच्याकडे त्याची पाठ होती. गुडघे माझ्या बाजूला होते.

मागच्या खोलीत हे शीळ घालत काम करत होते. मी दार ओढून घेतलं आणि गादीवाल्याला हळूच विचारलं, ही नवी बदलून थोडी रुंद मिळेल का.