वाऱ्याच्या उपकरणाचं नाव

साल २०५८. देवगडच्या कड्यावरच्या वेधशाळेत अकरा वर्षांची इरावती गोंधळून उभी होती. एकच शब्द तिने सहा वेळा उच्चारला होता आणि टिटवीने सहाही वेळा उत्तर दिलं होतं, “शब्द ओळखता आला नाही.”

टिटवी म्हणजे मनोऱ्यावर चढणारा यंत्रमानव. ती परदेशात बनलेली, त्यामुळे उपकरणांची नावं तिला इंग्रजी उच्चारातच कळायची. वर ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं उपकरण) मीठ साचून अडकलं होतं. वारा चढत होता आणि बंदरातून सारखी विचारणा होत होती, “वेग किती? होड्या परत बोलवायच्या का?”

वेधशाळेची प्रमुख, इरावतीची आत्या डॉ. सुलक्षणा, शेजारीच होती. पण घशाच्या शस्त्रक्रियेमुळे तिला महिनाभर बोलायला बंदी होती.

“आत्या, मी बरोबरच म्हणतेय ना गं?” इरावती रडकुंडीला आली.

आत्याने पाटीवर लिहिलं, ‘ॲनिमो म्हणजे वारा, मीटर म्हणजे मोजणारं. मूळ ग्रीक. हे अर्थाचे तुकडे. आता उच्चाराचे पाड.’

“ॲ-नि-मो-मी-टर. पाच!”

‘मराठीत आपण पाचही जवळजवळ सारखेच म्हणतो. इंग्रजीत एकावर आघात (जादा जोर) असतो. तो चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही.’ मग तिने टेबलावर बोटं वाजवली. टक, टक, ठक्क, टक, टक.

“तिसऱ्यावर? पण तिथे तर ‘वारा’चा तुकडा संपतो!”

आत्या हसली. ‘जोर अर्थ बघत नाही. इथे तो शेवटून तिसऱ्यावर पडतो.’

इरावतीने श्वास घेतला. “ॲनि-मॉ-मिटर!” जोर पडताच ‘मो’चा ‘मॉ’ झाला आणि ‘मी’ आपोआप आखूड.

“समजलं,” म्हणत टिटवी सरसर वर चढली. तिने मीठ खरवडताच उपकरणाच्या वाट्या गरागरा फिरू लागल्या. ताशी बासष्ट किलोमीटर! इरावतीने लगेच बंदराला कळवलं. तासाभरात शेवटची होडीही धक्क्याला लागली.

तोंडातून एक अक्षर न काढता आत्याने उच्चार शिकवला होता! इरावती तिच्याकडे बघतच राहिली.

आत्याने नवा शब्द लिहिला, ‘हायग्रोमीटर’ (हवेतला दमटपणा मोजणारं उपकरण). इरावतीने तो कधीच ऐकला नव्हता. तिने शेवटून तीन मोजले.

“हाय-ग्रॉ-मिटर!”

मनोऱ्यावरून उत्तर आलं, “समजलं. ब्याऐंशी टक्के.”

“आत्या, सगळ्या मीटरना हाच नियम?”

‘मिलिमीटरला नाही. का, ते उद्या शोध.’

इरावतीने पाटी स्वतःकडे ओढली. “उद्या कशाला?”