मंगळवारचं वजन

दोन किलोचा केक वरच्या मजल्यावरच्या वकिलाकडे द्यायचा होता. बेकरीवाल्याला जिन्यात दम लागला, म्हणून तो एक मजला आधीच थांबला आणि समोरच्या दारातून आत शिरला. तो आहारतज्ज्ञाचा दवाखाना होता. वजन उतरवायला आलेले सहा जण बाकावर बसले होते. सहाही जण अदबीनं उठून उभे राहिले… केकसाठी.

आतून आहारतज्ज्ञ बाहेर आली. आधी तिनं केककडे पाहिलं, मग तो धरणाऱ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं बाकावरच्यांचं मत पडलं.

“वजन किती?”

“केकचं की माझं?”

“केकचं दिसतंय, तुमचं सांगा.”

दुसऱ्याच दिवशी तो पेशंट म्हणून आला. त्याला कीटोच हवं होतं, कारण भावोजी कीटोवर अकरा किलो उतरले होते आणि ते घरात कुणालाही विसरू देत नव्हते. तिनं दोन्ही बाजू मांडल्या. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले की शरीर चरबी जाळायला लागतं. वजन भराभर उतरतं, भूक मंदावते, साखर आटोक्यात येते. पण डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, कोलेस्टेरॉल चढू शकतं, मुतखडा होऊ शकतो. आणि सोडलं की उतरलेलं वजन माहेरवाशिणीसारखं हक्कानं परत येतं. तुम्हाला कधी खडा झाला होता का, असेल तर हे नको, मी तुम्हाला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवीन, असंही ती म्हणाली.

नाही, तो म्हणाला.

मग दर मंगळवार. दिवसभर मैद्यात कोपरापर्यंत बुडालेला माणूस अंडी आणि पालेभाजीवर जगू लागला. वजन करायला एक मिनिट लागायचं. उरलेली चाळीस मिनिटं कशात जायची, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या शर्टाला ताज्या ब्रेडचा वास यायचा. तो गेल्यावर ती खिडकी उघडायची नाही… हे फायद्यात धरायचं की धोक्यात, तिचं ठरत नव्हतं.

सातव्या आठवड्यात त्याची ताई धापा टाकत वर आली. तो सकाळपासून पाठ धरून बसलाय, ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी खडा झाला होता तेव्हा अस्साच बसला होता.

ताईचं ऐकून तिनंच त्याला हॉस्पिटलात पाठवलं. खडा बारीक होता, आपोआप पडला. कीटो बंद झालं.

पुढच्या मंगळवारी तो बोलणी खायला हजर झाला.

“खोटं का सांगितलंत?”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरीकडे पाठवलं असतं. मग मंगळवारी… मी कुठे गेलो असतो?”

शेकडो लोकांना तिनं धोके समजावले होते. तिच्यासाठी एखादा धोका पत्करणारा हा पहिलाच. शुद्ध मूर्खपणा, आणि तो आपल्याला आवडला, याचा तिला मनापासून राग आला. तिनं किडनीच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि फाइल मिटली. यापुढे तुम्हाला तेच बघतील, मी नाही, म्हणाली.

तो चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेला.

“आता तुम्ही माझे पेशंट नाही. कळलं का?”

“कळलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“नाही कळलं. पेशंटबरोबर मी चहा पीत नाही. आज सहा वाजता खाली येते. तोवर तीन ग्लास पाणी प्या. हे आहारतज्ज्ञ म्हणून नाही सांगत.”