पोशेऱ्याच्या गिरणीतला कपॅसिटर

जव्हारहून निघालेल्या जीपनं वळणावर असा काही गचका दिला, की समोरच्या तरुणाच्या मांडीवरचा डबा उपडा झाला आणि लहानमोठी नळकांडी सगळ्यांच्या पायांत पसरली. जयश्री हसू दाबत वेचायला वाकली.

"भाऊ, एवढे सेल कशाला?"

"सेल नाहीत ओ ताई… कपॅसिटर. ॲल्युमिनियमचे." त्याचे कान लाल झाले होते. "हे पट्टावाले टीव्हीत, ॲम्प्लिफायरमध्ये. पट्ट्याची बाजू उणे, उलटे जोडले तर फुटतात. हे बिनपट्ट्याचे स्पीकरचे, त्यांना कसंही चालतं. हा चकचकीत कॉम्प्युटरचा… आत ओल नसते, म्हणून सुकत नाही."

"आणि हा काळा दांडगा?"

"मोटर चालू करणारा. पहिला सेकंदभर जोर लावतो. मोटरनं वेग घेतला की बाजूला होतो."

"ते काम आमच्याकडं मी करते," जयश्री म्हणाली. पोशेऱ्यात बचत गटाची गिरणी ती चालवायची. मोटर नुसती गुणगुणायची, मग चाकावरचा पट्टा हातानं ओढून तिला फिरवावं लागायचं.

तरुण तिच्या हातांकडं बघत राहिला. "हातानं? ओढणी अडकली तर?"

त्याचं नाव तुषार. मोखाड्यात नुकतंच रिपेरिंगचं दुकान टाकलेलं. पण त्या दिवशी दुकान राहिलं बाजूला आणि स्वारी पोशेऱ्यात दाखल झाली.

त्यानं काळा कपॅसिटर बसवला. "वीज बंद केली तरी याच्या पोटात उरते. आधी या बल्बाच्या वायरी लावून उतरवायची, मगच हात लावायचा." बल्ब लखकन पेटून विझला. जयश्रीनं तो पाहिलाच नाही… ती दुसरीकडंच बघत होती.

गिरणी झकास चालायला लागली, आणि तिथंच पंचाईत झाली. गिरणी चांगली चालली तर मेकॅनिक कशाला येईल?

पुढच्या आठवड्यात जयश्रीनं स्विच बंद केला, बल्ब लावला आणि कपॅसिटरची एक तार हळूच उपसून ठेवली. फोन केल्यावर तासाभरात तुषार हजर. तार निसटलेली बघून ओशाळला, पक्कडीनं घट्ट बसवून गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या वेळी तिनं चहा केला, आणि तो शेवटची जीप यायची वेळ झाली तरी उठेना.

तिसऱ्या खेपेला मात्र त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ताई, ही शेवटची खेप. सोमवारपासून वापीला, कंपनीत."

"का?"

"माझ्या हातचा जोड टिकत नाय. तीनदा निसटला. मोखाड्याच्या बाजारात बायका बोलतात, याला काय येत नाय. या आठवड्यात दुकानात दोनच माणसं आली." तो घुटमळला. "तुम्ही परत पट्ट्याला हात घातला असता आणि काही झालं असतं, तर? नको. हे काम माझं नाय."

जयश्रीला कळेना, गप्प राहावं तर हा चालला. बोलावं तर बाहेर नागलीचं दळण घेऊन सात-आठ बायका बसलेल्या, त्यांच्यात आयुष्यभराची थट्टा. पण त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

"तार निसटली नव्हती," ती म्हणाली. "मी काढत होते."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. बल्ब लावून… तुम्ही शिकवलं तसंच."

तुषार पोत्यावर मटकन बसला. कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सुटावा तसा तो हसला आणि बाहीनं डोळे पुसताना गालाला पीठ लावून घेतलं. "म्हणजे… मला येतं काम?"

"येतं."

"मग काढलीत कशाला?"

त्याच्याकडं बघून तिला ते सांगता येईना. ती तशीच बाहेर गेली. त्याचं नाव बायकांच्या तोंडी खराब झालं होतं, तर ते बायकांसमोरच धुवायला हवं.

"गिरणी मी बिघडवत होते," ती बायकांना म्हणाली. "तुषारचं काम चोख आहे. मोखाड्यात पण सांगा."

त्यांच्यातल्या माघीआजीनं मांडीवरची टोपली खाली ठेवली. "मंग काय येड लागलेलं तुला? बिघडवत व्हतीस कशापायी?"

आता पळायला जागा नव्हती. जयश्रीनं मान खाली घातली. "तो यावा म्हणून."

एकीनं पदरात तोंड लपवलं आणि हशा पिकला. आत तुषारनं तार बसवली आणि मोटरनं वेग घेतला. तो दारात येऊन उभा राहिला, गालावर पीठ तसंच. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आजी, आणा ती नागली," तो म्हणाला. "आणि सोमवारी काही बिघडलं तर दुकानात या. वापीला कोण जातंय."

टोपली घ्यायला जयश्री पुढं झाली, तसा तो तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "उद्या येतो. तार राहू दे जागेवर."