खंडेनवमीला बंद पडलेली जीप

पेठ नाक्याच्या अलीकडं जीपनं पहिला धक्का दिला, तेव्हा मी रस्त्याकडं नाही, वैजूकडं पाहिलं. चार वर्षांची माझी लेक घरकामाच्या साळूबाईच्या मांडीवर धापत होती. आदल्या रात्रीपासून तिचा दमा उसळला होता... पाटणहून सांगलीत विश्रामबागच्या डॉक्टरांकडं निघालो होतो, आणि अर्धा रस्ता अजून बाकी होता.

दुसरा धक्का... तिसरा... आणि जीप शिंकल्यासारखं करून नाक्यावरच्या एका गॅरेजसमोर थांबली ती थांबलीच.

गॅरेज उघडं होतं, पण काम चालू नव्हतं. स्वच्छ धुतलेल्या चादरीवर पाने, पकडी, हातोडे, जॅक ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदीकुंकू, वर झेंडूची फुलं. मग आठवलं — आज खंडेनवमी!

"आज काम न्हाई बाई," उदबत्ती लावता लावता एक म्हातारी म्हणाली. त्या रंगूबाई. "हत्यारं पुजल्यात. उद्या सोनं लुटून झालं की या."

"उद्यापर्यंत माझी मुलगी—" मी वैजूकडं बोट केलं.

आतून एक उंच माणूस बाहेर आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, पण नखांतली काळी कड काही सणासाठी गेली नव्हती. त्यानं आधी वैजूच्या खालीवर होणाऱ्या बरगड्या पाहिल्या. मग मला विचारलं, "बंद पडताना एकदम गप झाली, का धक्कं दिलं?"

"धक्के. आधी चढाला, मग सपाटीला पण. पाय दाबला की जास्त."

"आवाज?"

"शिंकल्यासारखा. पुढून, मागून नाही."

तो थबकला. "तुमाला कुणी शिकीवलं वं हे?"

"कुणी नाही. मी... ऐकत असते."

"असं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं तर निम्मं काम तिथंच झालं." तो बॉनेटचे खटके सोडायला लागला. "एकदम गप झाली असती तर करंट गेला म्हनलो असतो. धक्कं म्हंजे पेट्रोल पोचंना झालंय."

"कृष्णात!" रंगूबाई कडाडल्या. "हत्याराला हात लावशील तर बघ!"

"न्हाई लावत गं आई. माझ्या बोटांची तर पूजा केली न्हाईस न्हवं?"

इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपाखाली काचेची एक वाटी असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं तिचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवला, वाटी काढून उन्हात धरली. तळाला तांबूस पाणी आणि गंजाची भुकटी. पुसायला फडकं हवं होतं, पण गॅरेजची सगळी फडकी सणासाठी धुऊन वर पत्र्यावर ओली पडली होती. मी पदराचं टोक पुढं केलं.

"नगं नगं... डाग जायाचा न्हाई."

"राहू दे डाग."

क्षणभर त्यानं माझ्याकडं पाहिलं... आणि वाटी इतक्या हलक्या हातानं पुसली, की कुणी बाळाचं तोंड पुसतंय असं वाटावं. मग मान खाली घालूनच म्हणाला, "केसातली एक पिन... मिळंल का?"

त्या पिनेनं त्यानं जाळी साफ केली, नळीला तोंड लावून जोरात फुंकर मारली, पेट्रोलचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. रंगूबाई त्याच्या हातांवर डोळा ठेवून उभ्या. जीप सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनीच वैजूच्या कपाळाला अंगारा लावला.

"पोरीला आदी न्या," तो म्हणाला. "टाकी आतनं गंजलीय, ती धुवायला लागंल. सण झाला की आना."

दुपारी डॉक्टरांच्या औषधानं वैजूचा श्वास सुरळीत झाला. मी तिच्या छातीला कान लावून बसले. एका अनोळखी माणसाचे किती आभार मानावेत, ते मला कळत नव्हतं.

वैजूचे वडील, नाथाजी, एकाहत्तरच्या लढाईत गेले. लेक नंतर जन्मली. सैन्यातल्या रणगाड्याचं नाव आजोबांनी तिला दिलं — वैजयंता. हे आजोबा म्हणजे माझे सासरे, सुभेदार हंबीरराव. सरकारी लिलावातली ती जुनी जीप त्यांनीच आणलेली. मोतीबिंदूनं डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून चालवायला शिकवलं, "सूनबाई, क्लच!" असं परेडच्या आवाजात ओरडून. घरात मला काही कमी नव्हतं.

पण रीत मला ठाऊक होती. विधवा बाईनं दुसरं घर केलं, तर लेकरू बापाच्या घरी राहतं. आमच्या भावकीतल्या मनुबाईनं केलं होतं. आता जत्रेच्या गर्दीत ती आपल्या मुलाला लांबून बघायची, जवळ घ्यायची नाही. ती नजर मी पाहिली होती. म्हणून टाकी धुवायला जीप नेताना मी मनाला बजावलं — टाकी धुवायची, आणि यायचं.

टाकी धुऊन झाली. पुढच्या खेपेला फॅनबेल्ट कुईकुई करायला लागला. मग ब्रेक एका अंगाला ओढायला लागले. दर महिन्याला विश्रामबागची वारी होतीच, आणि नाका वाटेवरच होता... माझा काय दोष?

कृष्णात बिघाड शोधायला कधी घाई करायचा नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटायचा. एकदा त्यानं तो माझ्या हाती दिला.

"ऐका. ह्यो टकटक टापेटचा. आता हितं टेकवा... ही घरघर बेअरिंगची. अजून लय वर्सं चालतंय, भ्यायाचं कारण न्हाई."

मी ऐकत राहिले. तो हळूच म्हणाला, "वैजूच्या छातीचं बी असंच ऐकता न्हवं तुमी? रातभर?"

तुम्ही रात्री झोपता का, हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं.

नाक्यावर चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे मला वहिनी म्हणायचे. हा मात्र "आवं"च्या पुढं जायचा नाही. एका थंड सकाळी, जवळच्या गुऱ्हाळाचा गोड वास नाक्यावर दरवळत असताना, मी विचारून टाकलं.

"सगळे वहिनी म्हणतात. तुम्हीच तेवढे का नाही म्हणत?"

तो चाकाचे नट आवळत होता. हात थांबला. "वहिनी म्हटलं की मधी एक भाऊ येतुया."

"मग ताई म्हणा."

"जीभ रेटत न्हाई."

"का बरं?"

"ते..." कान लालबुंद झाले त्याचे. "त्यो बिघाड तुमीच शोधा. तुमाला ऐकू येतंय सगळं."

जीपमध्ये बसलेल्या साळूबाईनं तोंडाला पदर लावला. मी गाडी इतकी घाईनं काढली की दुसऱ्या गिअरला खडखडाट झाला. मागून तो ओरडला, "आवं, क्लच! क्लच दाबा पुरा!" आणि कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

संक्रांतीनंतर एकदा मी सांगितलं, मागून कसलीशी कुरकुर येते. त्यानं इस्लामपूरच्या रस्त्यानं ट्रायल घेतली. तो स्टीअरिंगवर, शेजारी मी, मागं साळूबाई आणि तिच्या मांडीवर झोपलेली वैजू. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले. तो ऐकत होता... मीही ऐकत होते.

"कुरकुर हाय खरी," अखेर तो म्हणाला. "पर गाडीची न्हाई."

"मग कुणाची?"

"निम्मी माझी हाय. उरल्याली तुमी सांगा."

मी मागं वळून वैजूकडं पाहिलं. त्यानं ते पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. नाक्यावर उतरताना एवढंच म्हणाला, "घाई न्हाई."

पुढच्या महिन्यात मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या म्या येतो सांगलीला."

मामंजींचे डोळे अधू होते, कान नव्हते. जीपचा आवाज आता कसा मऊ झालाय, हे त्यांनाही रोज ऐकू येत असणार. नाक्यावर येताच त्यांनी काठी वर केली.

"थांबव हितं."

कृष्णात हात पुसत पुढं आला. मामंजी सीटवर ताठ बसलेले.

"गाडीत काय दोष हाय?"

"काय बी न्हाई, सुभेदारसाहेब. लय दिवस झालं, गाडी ठणठणीत हाय."

त्यानं खोटं बोलायला हवं होतं... एखादा नट, एखादा बेल्ट!

"मग आमची सून दर खेपेला हितं का थांबती?"

"ते त्यांनी सांगायचं. मी वाट का बघतो, तेवढं माझं मी सांगतो." त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मला त्यांच्यासंगं संसार करायचा हाय. लग्न लावून. पोरीसकट."

मामंजींनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "आपल्यात लेकरू बापाच्या घरी ऱ्हातं. ठावं हाय?"

"ठावं हाय."

"नाथाजीचं एवढंच उरलंय मला. दुसऱ्याच्या उंबऱ्यात मी तिला धाडायचो न्हाई."

"आणि मी तिला सोडून जायची नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मामंजी, पुन्हा इथं थांबणार नाही. आत्ता निघते."

मी स्टार्टर दाबला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. एक शिंक नाही, एक धक्का नाही... इतकी चांगली दुरुस्त केली होती त्यानं! तिथंच मला रडू फुटलं. वैजू साळूबाईच्या मांडीवरून पुढं झुकली आणि आपल्या फ्रॉकनं माझं तोंड पुसायला लागली.

कृष्णातनं बॉनेटवर हात ठेवला. "बंद करा जरा."

मी बंद केली.

"पोरगी पाटणला ऱ्हानार," तो मामंजींना म्हणाला. "आई पोरीपाशी ऱ्हानार. मग मीच येतो की पाटणला."

"आं?" साळूबाईच्या तोंडून निसटलं.

"घरजावई?" मामंजींच्या भुवया वर गेल्या. "आन् त्यो बी सुनेचा? गाव हसंल रं, गड्या."

"हसू दे की. कोयनेच्या चढाला गाड्या तापून उभ्या ऱ्हात्यात. तितं गॅरेज टाकतो. हसणाऱ्याची गाडी बंद पडली, तर यील माझ्याकडंच."

"आन् तुझी आई?"

"मला कोन इचारतंय!" रंगूबाई दारातून म्हणाल्या. "भयनींची लग्नं उरकंस्तोवर ह्यो बिनलग्नाचा ऱ्हायला. आता सून यील म्हणून उंबऱ्याकडं डोळं लावून बसले, तर हितं लेकच नांदाय निघालाय!" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्या बी येनार बाबा मागनं. एकटी हितं काय टायरी राखू?"

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि कृष्णातला जवळ बोलावलं.

"पोरगी रातची धापती. उठावं लागतंय."

"उठंन."

"रोज बी लागंल."

"रोज उठंन."

"हं." त्यांनी काठी पुढं टेकवली. "सूनबाई, चल. डॉक्टर वाट बघत असंल."

एवढंच! सांगलीपर्यंत मला रस्ता नीट दिसला नाही. मामंजी मध्येच परेडच्या आवाजात म्हणाले, "क्लच," आणि माझं रडू हसू होऊन गेलं.

लग्न चैत्रात झालं, घरच्या घरी. नवी नवरी सासरी आली की उंबऱ्यावर तांदळाचं माप लवंडते. आमच्याकडं नवरी आधीच घरातली! मी वैजूला कडेवर घेऊन आत उभी. बाहेर मुंडावळ्या बांधलेला कृष्णात, आणि त्याच्यामागं, उन्हानं लाल झालेल्या रंगूबाई.

साळूबाई भाकरतुकडा घेऊन गोंधळली. "धनी, ओवाळू कुनाला? नवरीला का नवऱ्याला?"

"घरात नवं कोन येतंय? त्येला!"

तिनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भावकीतले दोघंचौघं फिदीफिदी हसले. मामंजींनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तेवढ्यानं ते गप्प झाले.

"उजवा पाय," मामंजी म्हणाले. "उजवा! हां... आता माप."

कृष्णातच्या पायानं माप लवंडलं. तांदूळ आतपर्यंत घरंगळत आले. वैजू कडेवरून उतरली आणि दोन्ही मुठींनी ते गोळा करायला बसली. श्वास लागला नाही तिला. मी ऐकत होते.

मी पुढं होऊन मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं. कसे आभार मानायचे होते कुणास ठाऊक... त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि दुसरीकडंच बघत म्हणाले,

"पुरं आता. आत जा, चहा टाक. माझा लेक लांबनं आलाय."