खतिजाचे वेढे

लक्ष्मीपुरीतल्या गौस मिस्त्रीच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला कुणी नाव ठेवलं, की तो माणूस त्याच्या दृष्टीनं कामातून गेला म्हणून समजा. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नाव ठेवणारा घरचाच निघाला. सख्खा मेव्हणा, रफिक. त्यानं मुंबईहून ट्रान्झिस्टरचा सेट आणला होता. हलका, चकचकीत, बटन दाबलं की लगेच बोलणारा.

"दुल्हाभाई, व्हॉल्व्हचा जमाना संपला की आता," तो म्हणाला. "तुमची पेटी तापंपर्यंत माणूस चहा पिऊन येतोय."

संगीत मंडळाला सभागृहासाठी एकच सेट घ्यायचा होता. सेक्रेटरी गणपतरावांनी तोड काढली. दोन्ही सेट पडद्याआड ठेवायचे, टेप एकच लावायची, आणि निवाडा करायचा जुन्या गायिका बाळाबाईंनी. टेपही त्यांच्याच तरुणपणच्या तबकडीवरून उतरवलेली, साथीला नुसता तंबोरा. आपला आवाज कुठल्या पेटीतून खरा निघतो, हे त्या म्हातारीइतकं कोण सांगणार?

हरलो तर दुकानाला टाळं लावून शिरोलीच्या फौंड्रीत जायचं, हे गौसनं ठरवून टाकलं होतं. त्याचं त्याला फार दुःख नव्हतं. दुःख होतं खतिजाचं. त्या सेटचे दोन ट्रान्सफॉर्मर, डाव्या आवाजाचा एक आणि उजव्याचा एक, त्याच्या बायकोनं गुंडाळले होते. केसाएवढी तांब्याची तार, तिचे हजारो वेढे, आणि ते ती तोंडानं मोजायची. मध्ये कुणी बोललं की हिशेब मोडला, सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. "बोल्लासा की चुकलं बघा," ती दटावायची. म्हणून तार गुंडाळायचा चरक फिरत असला की हा बडबड्या माणूस तोंड शिवल्यासारखा बसायचा. डावा पुरा झाला तेव्हा ती "झालं" म्हणून हसली. उजवा गुंडाळता गुंडाळता छातीत कळ आली आणि बाई गेली. कुठल्या वेढ्यावर गेली ते अल्लालाच ठाऊक. उरलेली तार गौसनं अंदाजानं भरली. उजवी बाजू दगा देणार, अशी त्याला मनातून धास्तीच होती. हरला तर तिचं शेवटचं काम भंगारात जाणार होतं.

रविवारी भर दुपारी मंडळाच्या खिडक्यांना वाकळा लावल्या. बाहेरचा टांग्याचाही आवाज नको. आत मिट्ट काळोख झाला, आणि वाकळांचा, माणसांच्या घामाचा वास कोंडला. गौस मुद्दाम उजव्या स्पीकरसमोर बसला.

"एक नंबर," पडद्याआडून गणपतराव म्हणाले. वायरी जोडायला रफिकही त्यांच्याबरोबर आत होता.

आवाज स्वच्छ होता, खोटं कशाला बोला. शब्द न् शब्द कळत होता. पण बाळाबाईंनी मान हलवली. "साफ हाय. पण तंबोऱ्याची जवारी कुठं गेली? नुसती तार वाजतीया."

"दोन नंबर."

आधी नुसती घरघर. मग तंबोरा असा उघडला, की गरम भाकरी मोडावी आणि वाफ यावी. मागून बाळाबाईंचा तरणा आवाज आला, श्वासासकट. गौसचे कान उजवीकडे लागले होते. उजवी बाजू घसरली नाही. उलट डावीपेक्षा तीच भरदार लागत होती.

आणि तंबोऱ्याच्या पाठीमागं… कुणीतरी मोजत होतं.

"…सत्तर… एकाहत्तर… बाहत्तर…"

बायकी, दबका, एका लयीतला आवाज. ओल्या वार्निशचा वास आला. तिच्या बोटांना यायचा तोच. गौसच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं… आणि मिटलं. बोललं की चुकतं! डोळ्यांतून धारा लागल्या, पण पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. गाणं संपलं, तंबोरा विरत गेला, आणि उजव्या स्पीकरमधून अगदी कानाशी आलं…

"झालं."

वाकळा निघाल्या. बाळाबाई डोळे पुसत उठल्या. "दोन नंबर! आरं, ह्यात जीव हाय! तीस वर्सांनी माझा गळा मला परत घावला."

एकच गलका झाला. "गौसभाई, सेट तुमचा!" म्हणत गणपतराव सेट बंद करून बाहेर धावले. गौसला आनंद मावेना. "खतिजा जिंकली!" तो लहान पोरासारखा ओरडला. "माझी खतिजा जिंकली!"

"व्हय, पण एक सांगा," बाळाबाईंनी त्याचा दंड धरला. "टेपात मी एकलीच हुते. उजव्या अंगानं मोजत कोण हुतं?"

गौसनं उत्तर द्यायच्या आत पडदा हलला. रफिक बाहेर आला. पांढराफटक पडलेला, मूठ आवळलेली.

"दुल्हाभाई, माफ करा… जिंकायची हाव सुटली मला. दोन नंबरच्या आधीच मी तुमच्या उजव्या स्पीकरची वायर काढलीती. दोन्हीकडनं."

"काढलीती? आन् मग आवाज आला कुठनं?"

"ते मला नका विचारू… हात लावून बघा."

त्यानं मूठ उघडली. हातभर वायर, दोन्ही टोकं मोकळी. गौसनं बोट टेकवलं. सेट केव्हाच बंद झाला होता, आणि वायर अजून थरथरत होती.