उजवा पुढचा

टायरला थर्मामीटर लावायच्या आधी वैद्यबुवा त्यावरून तळहात फिरवायचे. ते काही वैद्य नव्हते, शर्यतीच्या गाड्यांचे टायर सांभाळायचे. पण टायरची नाडी बघतात म्हणून टीमनं त्यांना हे नाव चिकटवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. गाडी कुठल्या वळणावर किती रेटली, ब्रेक कुठं उशिरा मारला, हे ते झिजलेलं रबर बघून सांगत. "ड्रायव्हर थापा मारेल, टायर मारत नाही," असं त्यांचं म्हणणं.

डोंगरातला हा ट्रॅक त्यांना तोंडपाठ होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मोठी वळणं झाडून सगळी उजवीकडची. गाडी उजवीकडं वळली की भार येतो डाव्या टायरांवर. म्हणजे इथं डावे टायर झिजून मरतात आणि उजवे पाहुण्यासारखे फिरून येतात. त्यात नियम असा, की शर्यतीला नवे टायर दोनच मिळणार, बाकीचे दोन वापरलेले. नवे दोन डावीकडं लावायचे, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

शुक्रवारी सकाळी त्यांची लेक सरावाच्या चार फेऱ्या मारून आली. ह्या टीममध्ये तिचं पहिलंच वर्ष. वैद्यबुवांनी डाव्या टायरांवर हात फिरवला, मान डोलावली आणि उजव्या पुढच्याला हात लावताच झटकन मागं घेतला. चटका बसला होता.

"थर्मामीटर बिघडलाय," आकडा बघून मॅनेजर म्हणाला. दुसरा आणला. त्यानंही तोच आकडा दाखवला. आणि हात तर काही बिघडला नव्हता.

"काय गं, कुठं घसरलीस का?"

"छे! गाडी झकास चालतेय."

"डावीकडं लांब वळण कुठं लागलं?" विचारलं आणि त्यांनी जीभ चावली.

लेक हसली. "बाबा, इथं डावीकडं लांब वळण आहेच कुठं?"

होतं. बावीस वर्षांपूर्वी होतं. झेंडेवाल्यांच्या अकराव्या चौकीच्या पुढं, दरीच्या कडेकडेनं अर्धा किलोमीटर डावीकडं वळत जाणारं, लाल मातीतलं. वैद्यबुवांचा थोरला भाऊ तिथूनच गाडीसकट खाली गेला. पुढच्या वर्षी कडा खचला आणि तेवढा रस्ताही दरीत गेला. आता ट्रॅक अलीकडूनच उजवीकडं वर चढतो.

दादानं वेग आवरला नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. वैद्यबुवा मूग गिळून बसले. त्या सकाळी उजव्या पुढच्याला त्यांनी झिजलेला टायर लावला होता. नवा हाताशी होता, पण तो त्यांनी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवला. दादानं टायरला लाथ मारून विचारलं होतं, "चालेल ना रे?" ह्यांनी खडू घेतला आणि टायरवर ठसठशीत लिहिलं, 'चालेल'. दादा खदखदून हसला. "तू म्हणालास म्हणजे चालेल," म्हणाला आणि गाडीत बसला. तेव्हापासून वैद्यबुवांनी खडू हातात धरला नव्हता. टायरवरच्या खुणा टीममधलं दुसरं कुणीतरी रंगानं करायचं.

शनिवारी दुसरा सराव झाला. उजव्या पुढच्याची बाहेरची कड खरवडल्यासारखी झाली होती. खाचांत खडे अडकले होते. वैद्यबुवांनी स्क्रूड्रायव्हरनं एकेक उकरून रुमालावर घेतला. ह्या ट्रॅकचा दगड काळा. हे खडे लाल होते.

रुमालाची गाठ मारून ते जीप घेऊन अकराव्या चौकीवर गेले. तिथला झेंडेवाला त्यांच्याच वयाचा, दादा गेला त्या दिवशीही तोच उभा होता.

"माझी लेक इथून जाताना काही वेगळं दिसतं का रे?"

झेंडेवाल्यानं झेंड्याची काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "दिसायला काही नाही. समोरून येते, उजवीकडं वळते, वर जाते."

"मग?"

"आवाज दरीतून येतो."

"डोंगरात आवाज फिरतो."

"बाकीच्यांचा नाही फिरत," तो म्हणाला. मग त्यानं चहा विचारला, पण दोघांनीही घेतला नाही.

रविवारी दुपारी, शर्यतीच्या तासभर आधी, वैद्यबुवांनी मॅनेजरला सांगितलं, "दोन नव्यांतला एक उजवीकडं पुढं लावतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? डावा मागचा तिसऱ्या फेरीतच गळपटेल! पोरगी पहिल्या सहात आली नाही, तर पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याची. वर माझा साहेब बसलाय, त्याला काय सांगू? टायरला ताप आला होता?"

वैद्यबुवांनी रुमालाची गाठ सोडलीच नाही. दाखवून काय सांगणार होते? ते लेकीकडं गेले. ती हातमोजे चढवत होती.

"जाऊ नको म्हटलं तर ऐकशील?"

"नाही."

"माहीत होतं. काकांवर गेलीयस. मग एक ऐक. उजव्या पुढच्याला नवा लावू दे."

"का?"

"का ते विचारू नको. जागा जाईल तुझी कदाचित."

तिनं वडिलांच्या तोंडाकडं नीट बघितलं. कारण न सांगता टायर मागताना ह्या माणसाला तिनं कधी बघितलं नव्हतं. मग मॅनेजरकडं वळून ती म्हणाली, "लावू द्या त्यांना." आणि वडिलांना म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणजे चालेल."

वैद्यबुवांनी खाली बसून आपल्या हातानं तो टायर लावला. कोराकरकरीत, काळाभोर. एकेक नट दोनदा आवळला.

शर्यत आठ फेऱ्यांची होती. पाच फेऱ्या काही झालं नाही. लेक चौथी होती, मग पाचवी, मग सहावी. डावा मागचा टायर दम सोडत होता.

सहाव्या फेरीला वैद्यबुवा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. तिचं इंजिन शंभरांत ओळखलं असतं. आवाज अकराव्या चौकीपर्यंत आला.

आणि दरीत उतरला.

तिथं त्याच्याशेजारी आणखी एक इंजिन चालू होतं. जुनं, खरखरीत. तेही त्यांनी शंभरांत ओळखलं असतं.

रेडिओवर झेंडेवाला बोलला. "अकरा नंबर. एक गाडी वर गेली." मग थोडा वेळ नुसतीच खरखर. "एकच गेली ना?"



लेक सातवी आली. मॅनेजरनं टोपी काढून जमिनीवर आपटली आणि निघून गेला. ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, तरी तशीच उभी राहिली.

"बाबा, सहाव्या फेरीला गाडी पुढून उजवीकडं एकदम हलकी झाली. कुणी उचलून धरावी तशी. मग अलगद टेकली."

"लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ते गुडघ्यांवर बसले.

डाव्या टायरांतून वाफा निघत होत्या. उजवा मागचा गरम होता.

उजव्या पुढच्यावर त्यांनी तळहात ठेवला. तो थंडगार होता.

नवा टायर तिथं नव्हता. चाक तेच होतं, त्यांनी आवळलेले नट तेच होते. टायर मात्र झिजलेला, कडेला लाल माती चिकटलेला. त्यावरची नक्षी बनवणारा कारखाना बंद पडूनही पंधरा वर्षं झाली होती. बाजूवर खडूनं लिहिलं होतं, 'चालेल'.

लेक वाकून बघत होती. "हे कुणाचं अक्षर?"

"माझं," वैद्यबुवा म्हणाले. त्यांना रडू फुटलं. "चूक तुझ्या काकांची नव्हती गं. माझी होती."

त्यांनी अंगठा अक्षरावरून फिरवला. खडू ताजा होता, बोटाला लागला.