लोहारगल्लीत जागा नाही!

"अकरा!" बुर्गी किंचाळली. "अकरा वेळा!"

"काय अकरा वेळा?" क्विरिनने विचारलं. हा तिचा धाकटा भाऊ. वय नऊ वर्षं, आणि त्या क्षणी तोंडात दोन बिस्किटं.

"फ्राउकेचं नाव! स्वतःच बघ!"

नाताळच्या सुट्टीचा बेत आईने फ्रीजवर चिकटवला होता. आई शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे बेतालासुद्धा समास सोडलेला होता. 'सोमवार : फ्राउकेला किल्ला दाखवणे. मंगळवार : फ्राउकेला बर्फावर घसरायला नेणे. बुधवार : फ्राउकेला बाजारात गरम बदाम.' फ्राउके म्हणजे हाम्बुर्गची मावसबहीण. बुर्गीएवढीच, बारा वर्षांची. ती आणि होल्गरकाका कालच साल्झबुर्गला येऊन पोचले होते. मावशीला दवाखान्यात ड्यूटी होती, ती चोवीस तारखेला येणार होती.

बुर्गीचं नावही बेतात होतं. एकदा. 'बुर्गीने आपला पलंग फ्राउकेला द्यावा.'

"माझं तर एकदाही नाही," क्विरिन म्हणाला.

"तू नशीबवान आहेस! आणि ही शेवटची ओळ वाच."

शेवटची ओळ होती : '२४ डिसेंबर : पेटी चर्चमध्ये नेणे – फ्राउके.'

क्विरिनने चावणं थांबवलं. प्रकरण खरंच गंभीर होतं.

पेटी म्हणजे लोहारगल्लीची पेटी. पुढून काच, आत वीतभर उंचीचे लाकडी मारिया आणि योसेफ. योसेफच्या नाकाचा शेंडा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पाडला होता आणि त्याचा आळ अजून एकमेकांच्या पणज्यांवर जात होता. नाताळच्या आधी नऊ रात्री ही जोडी गल्लीतल्या नऊ घरांत मुक्कामाला असायची आणि चोवीसला दुपारी घंटांच्या गजरात चर्चमध्ये पोचायची. तिथवर पेटी न्यायचा मान गल्लीतल्या बारा वर्षांच्या मुलाचा. आयुष्यात एकदाच. तेराव्या वर्षी तुम्हाला कुणी विचारत नाही.

"आई! हे माझं वर्ष आहे!"

"फ्राउके पाहुणी आहे," आई म्हणाली. "पाहुण्यांसाठी थोडं सोडावं माणसाने."

"पलंग सोडला. उशी सोडली. आता मारियासुद्धा सोडू?"

"बुर्गी! हळू बोल, ती ऐकेल!"

फ्राउके दारातच उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या वेण्या सरळ, मोजे जोडीचे आणि वागणं इतकं नीटनेटकं, की बुर्गीच्या अंगाचा तिळपापड व्हायला तिने काही बोलण्याची गरजच नव्हती.

एकवीस तारखेला पाऊस पडता पडताच गोठला. गल्ली आरशासारखी झाली. चालणं म्हणजे दर चार पावलांनी बसणं. पेटी त्या संध्याकाळी श्टोकलबाईंच्या घरून समोरच्या विंडहागरबाईंकडे जायची होती. एरवी अख्खी गल्ली कंदील घेऊन बरोबर जाते. पण फादर कोलोमाननी निरोप पाठवला, "मिरवणूक नको. मला नाताळला चर्चमध्ये माणसं हवीत, प्लास्टर नकोत. कुणीतरी एकानेच पेटी न्या."

"मी नेते!" बुर्गीने उडी मारली.

"मी नेतो," होल्गरकाका म्हणाले. "डुलणाऱ्या जहाजांवर चालायची सवय आहे मला."

मावशी याच गल्लीत वाढलेली, म्हणजे होल्गरकाका गल्लीचे जावई. जावयाला नाही कोण म्हणणार? श्टोकलबाईंनी पेटी त्यांच्या हातात दिली, वर दारात म्हणायच्या गाण्याचा कागद दिला. बुर्गी खिडकीतून बघत होती. आधी लेक, आता बाप! तिने तावदान उघडलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हरवू दे ती पेटी एकदाची! म्हणजे कुणालाच नको!"

देव सहसा लहान मुलांचं इतक्या तातडीने ऐकत नाही.

बावीसला गल्लीत चालण्यापुरती राख पसरली होती. दुपारी चारला सगळे विंडहागरबाईंच्या बैठकीत जमले, कारण आता पेटी बुर्गीच्या घरी यायची होती. टेबलावर पाइनच्या फांद्या होत्या, मधोमध हिरव्या शेवाळाची गादी होती. गादीवर पेटी नव्हती.

"पेटी?" विंडहागरबाई म्हणाल्या. "ती माझ्याकडे आलीच कधी? श्टोकलबाईंना विचारा!"

"अगंबाई!" श्टोकलबाईंनी छातीवर हात ठेवला. "मी स्वतः जावईबापूंच्या हातात दिली! तुमच्याच घरात लपवली असेल. माझ्याकडे चार पाहुणे दर्शनाला आले ते बघवलं नाही ना!"

"चार? माझ्याकडे गेल्या वर्षी सात होते!"

"होल्गरना मी रिकाम्या हाताने परत येताना पाहिलंय," आई हळूच म्हणाली. "म्हणजे त्यांनी पोचवली असणार."

"मी बाबांना विचारते," फ्राउके म्हणाली.

"मुळीच नाही!" तिन्ही बायका एका सुरात ओरडल्या. गल्लीत असा एकोपा वर्षानुवर्षं दिसला नव्हता.

"जावयाला विचारायचं, 'पेटी कुठे ठेवलीत?'" आई म्हणाली. "म्हणजे त्यांना चोर म्हटल्यासारखंच! त्यांना काही कळता कामा नये."

 मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा बुर्गीकडे वळल्या.

"'हरवू दे' कोण म्हणालं होतं बरं काल?" श्टोकलबाईंनी छताला विचारलं.

"मी म्हणाले! पण पेटी मी हरवली नाही!"

"पेटी सापडेपर्यंत," आई म्हणाली, "चोवीस तारखेचं नावसुद्धा काढू नकोस."

बुर्गी पायऱ्यांवर येऊन बसली. तिचं नाक लाल झालं होतं आणि ते थंडीने नव्हतं. क्विरिन शेजारी बसला. थोड्या वेळाने फ्राउकेही आली.

"तू कशाला आलीस? जा आत. गरम बदाम खा."

"बुधवारी आहेत," फ्राउके म्हणाली. "आणि तू पेटी घेतली नाहीस, मला माहितीये. रात्रभर तू जमिनीवर माझ्या शेजारी झोपली होतीस आणि झोपेत मला शिव्या देत होतीस."

"काय म्हणत होते?"

"'हाम्बुर्गचा सुका मासा.'"

बुर्गीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण अर्धं निसटलंच.

"मला तुझा इतका हेवा वाटतो ना," फ्राउके एकदम म्हणाली.

"माझा? तुझं नाव अकरा वेळा आहे!"

"पाहुण्याचंच नाव लिहून ठेवावं लागतं! आमच्या इमारतीत शेजारच्यांना माझं नावही माहीत नाही. तुझ्यावर तर ओरडायला अख्खी गल्ली आहे. मी गावभर ओरडले तरी कुणी खिडकी उघडणार नाही."

 हेवा आपल्याकडून दुसरीकडे जातो हे तिला माहीत होतं. दुसरीकडून तो आपल्याकडेही येतो, हे नवीनच होतं.

"शेवाळ दबलेलंच नाहीये," क्विरिन मध्येच म्हणाला.

"काय?"

"टेबलावरचं. मी बिस्किटं... म्हणजे मी जवळून बघितलं. पेटी केवढी जड! ठेवली असती तर खड्डा पडला असता. ते तर चांगलं फुगलेलं आहे!"

"म्हणजे पेटी घरात आलीच नाही!" बुर्गी उठून उभी राहिली. "मग दाराशी काय झालं?"

फ्राउके पायरीकडे वाकून बघत होती. विंडहागरबाईंनी काल दारापासून मागच्या अंगणापर्यंत ओली राख टाकली होती. या बाजूला हिवाळ्यात ऊन येत नाही, त्यामुळे राख गोठून दगड झाली होती. आणि त्या दगडात बुटांचे भलेमोठे ठसे होते.

"हे बाबांचे! गल्लीत एवढे पाय दुसऱ्या कुणाचे आहेत?"

"बघा, इथे ते उभे राहिले," बुर्गी म्हणाली. "खूप वेळ. एकाच जागी पाय हलवलेत. मग वळले. पण घराकडे नाही!"

ठसे उलट दिशेला गेले होते. कमानीखालून, वळणावरून, थेट मागच्या अंगणातल्या तबेल्याकडे. तिघंही धावले. खरं तर तिघंही घसरले, पण दिशा तीच होती.

तबेला बग्गीवाले इग्नाट्सआजोबांचा. प्रवाशांना शहरभर फिरवणाऱ्या त्यांच्या दोन घोड्या तिथे राहायच्या. दार ढकललं तर आत कंदील तेवत होता. घोड्यांच्या आयाळीला लाल फिती बांधल्या होत्या. जमीन घासूनपुसून लख्ख. आणि दोन्ही घोड्यांच्या मधे, गवताच्या भाऱ्यावर, पेटी!

"श्श!" इग्नाट्सआजोबा म्हणाले. रविवारचा कोट घालून ते स्टुलावर बसले होते. "या, या. दर्शनाला आलात? तुम्हीच पहिले."

"आजोबा! पेटी तुमच्याकडे कशी?"

"काल तो उंच पाहुणा आला. म्हणाला, 'तुमच्याकडे जागा आहे का?' म्हटलं, आहे की! चाळीस वर्षं मी फादरना सांगतोय, एक रात्र माझ्याकडे द्या. दर वर्षी नऊ घरं भरलेली. तबेल्याला वास येतो म्हणतात. इथून मी खिडक्यांतले दिवे मोजायचो आणि पोटात नुसतं दुखायचं." त्यांनी काचेवरून बाही फिरवली. "यंदा आठवण ठेवलीत गल्लीने. फार बरं वाटलं."

क्विरिन म्हणणार होता, 'पण आजोबा, ही तर चुकून...' बुर्गीने त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

आजची रात्र तिच्या घरची होती. पेटी उचलून पळत सुटावं, श्टोकलबाईंच्या नाकासमोर नाचवावी, असं तिला फार फार वाटत होतं. पोटात दुखणं म्हणजे काय हे गेले काही दिवस तिच्याइतकं कुणी भोगलं नव्हतं. चाळीस वर्षं म्हणजे किती दिवस, याचा तिने हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

"आजोबा," ती म्हणाली, "आजची रात्रही पेटी तुमच्याकडेच. आमच्या घरची पाळी तुम्हाला दिली. मी सगळ्यांना इकडेच घेऊन येते."

अर्ध्या तासात गल्ली तबेल्यात दाटली होती. होल्गरकाकांनाही आणलं, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही विंडहागरबाईंच्या दारातून परत का फिरलात?" फ्राउकेने विचारलं.

होल्गरकाका कानापर्यंत लाल झाले. "मी कुणाला सांगणार नव्हतो. मेव्हणीच्या शेजाऱ्यांची तक्रार कशी करायची? मी कागदावरचं पहिलं कडवं म्हटलं, दोन थकल्या जिवांना रात्रीपुरती जागा द्या. आतून आवाज आला, 'जागा नाही! चालते व्हा!' पुन्हा म्हटलं. तर 'भिकाऱ्यांनो, निघा!' अशी पाच कडवी! शेवटच्या कडव्यात कुत्रा सोडण्याची गोष्ट होती. आमच्या हाम्बुर्गला एकदा 'नाही' म्हटलं तरी माणूस निघतो."

 एक घोडी फुरफुरली.

"अहो, पण ते गाणं आहे!" विंडहागरबाई कळवळल्या. "आधी नाही म्हणायचं असतं आणि मग दार उघडायचं असतं!"

"तीन वेळा!" फादर कोलोमान म्हणाले. "नाही म्हणायचं ते तीन वेळा. पाच कुठून आली?"

"श्टोकलबाईंनी चार कडवी म्हटली होती," विंडहागरबाई खाली बघत पुटपुटल्या. "म्हटलं, मी का कमी? दार उघडलं तर बाहेर कुणीच नाही. मला वाटलं, हिनेच पेटी परत बोलावली."

फादरनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "मारिया आणि योसेफला घराघरांनी हाकललं आणि तबेल्यात जागा मिळाली. दर वर्षी मी ही गोष्ट सांगतो. यंदा सांगायचे कष्ट वाचले." मग ते मुलांकडे वळले. "आम्ही मोठ्यांनी एकमेकांवर आरोप केले. तुम्ही खाली वाकून जमीन बघितली. शाबास! आणि बुर्गी, तू आपली रात्र दिलीस, हे मी विसरणार नाही."

रिवाजाप्रमाणे पुन्हा गाणं झालं. बाहेर गल्ली, आत इग्नाट्सआजोबा. पण आजोबांना 'जागा नाही' म्हणता येईना. पहिल्याच ओळीला त्यांनी दार उघडलं.

त्या रात्री आईने फ्रीजवरची शेवटची ओळ खोडली आणि काही न बोलता बुर्गीच्या ताटात सगळ्यात मोठा गोड डम्पलिंग वाढला. आईची माफी मागायची पद्धत तीच होती. तेवीसची रात्र पावाच्या भट्टीवाल्यांकडे कुठल्याही गोंधळाविना पार पडली.

चोवीसच्या दुपारी घंटा सुरू झाल्या. बुर्गी पेटी घेऊन निघाली. दोन्ही बाजूंना शेजारी, खिडक्यांत माणसं, मावशी स्टेशनावरून थेट बॅगेसकट आलेली. श्टोकलबाई डोळे पुसत होत्या आणि विंडहागरबाई त्यांच्यापेक्षा थोडे जास्त पुसत होत्या. सगळ्यांची नजर बुर्गीवर होती. आयुष्यात एकदाच मिळणारा मान!

तेवढ्यात मागून टापांचा आवाज आला. बुर्गीने मान किंचित वळवली. मिरवणुकीच्या मागे इग्नाट्सआजोबांची बग्गी येत होती. आणि वर, त्यांच्या शेजारी, त्यांची काळी गोल टोपी घालून, दोन्ही घोड्यांचे लगाम हातात धरून बसली होती फ्राउके!

आणि पेटी छातीशी घट्ट धरून चर्चची पायरी चढता चढता बुर्गीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.